गोळी केव्हा थांबवायची?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या कुठल्याही औषध दुकानासमोर सकाळी थोडा वेळ उभे राहिले, की एक मागणी हमखास कानावर येते : 'पॅन फॉर्टीची एक पट्टी द्या.' मागणारा कधी कॉलेजातला मुलगा असतो, कधी निवृत्त शिक्षक, कधी अनगोळहून भाजी विकायला आलेली बाई. चिठ्ठी कोणी दाखवत नाही आणि कोणी मागतही नाही. पॅन फॉर्टी म्हणजे पँटोप्राझोल, जठरातले आम्ल रोखणारी गोळी. हे शेड्यूल एचमधले औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचे नसते आणि तसे पाकिटावर छापलेलेही असते. तरीही महिन्याच्या सामानाच्या यादीतच या गोळीचे नाव असलेली कितीतरी घरे या भागात आहेत.

या गोळीविरुद्ध मला मोहीम उघडायची नाही. जठरव्रणाने माणसे मरत होती, तो काळ फार जुना नाही. जठराला भोक पडायचे, रक्ताची उलटी व्हायची, आणि इलाज म्हणजे जठराचा भाग कापून काढणे किंवा त्याकडे जाणारे मज्जातंतू तोडणे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेचे मिशन हॉस्पिटल तेव्हा या साऱ्या मुलखाला माहीत होते. आज ती ऑपरेशने क्वचितच करावी लागतात, याचे मोठे श्रेय आम्ल रोखणाऱ्या औषधांना आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ही औषधे सुरू कशी करायची हे सगळ्यांना माहीत झाले आहे. ती केव्हा थांबवायची, हे मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नसते, दुकानदार सांगत नाही आणि रोगी विचारत नाही. ही चूक किती महागात पडू शकते हे समजण्यासाठी आधी ती गोळी पोटात नेमके काय करते ते पाहिले पाहिजे.

जठराच्या अस्तरात असंख्य बारीक ग्रंथी असतात आणि त्यांत आम्ल बनवणाऱ्या पेशी असतात. त्यांना पराएटल पेशी म्हणतात. एका जठरात त्या सुमारे शंभर कोटी असतात. त्यांच्या आणि शेजारच्या पेशींच्या कामातून दिवसाकाठी दीड-दोन लिटर जठररस तयार होतो. रक्त किंचित अल्कधर्मी असते, तर या पेशीतून बाहेर पडणारा द्रव हायड्रोक्लोरिक आम्लाचा असतो. दोन्ही बाजूंच्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहा लाख पटींहून अधिक फरक असतो. शरीरात दुसऱ्या कुठल्याही पेशीला इतका मोठा चढ चढावा लागत नाही. त्यासाठी लागणारी ऊर्जा पुरवायला या पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तंतुकणिकांनीच भरलेला असतो.

हा चढ चढवणारे यंत्र म्हणजे प्रोटॉन पंप. तो एक पोटॅशियम आयन आत घेतो आणि त्याच्या बदल्यात एक हायड्रोजन आयन बाहेर ढकलतो. पोट रिकामे असताना बहुतेक पंप पेशीच्या आत लहान लहान पिशव्यांमध्ये विश्रांती घेत असतात. भाकरीचा वास आला, घास तोंडात गेला, की मेंदूकडून व्हेगस मज्जातंतूवाटे निरोप येतो. अन्न जठरात पोचले की गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. या दोहोंच्या सांगण्यावरून शेजारच्या पेशी हिस्टॅमिन सोडतात. तिन्ही निरोप पराएटल पेशीपर्यंत पोचले, की त्या पिशव्या पेशीच्या कडेच्या सूक्ष्म नलिकांना जाऊन मिळतात, पंप उघड्यावर येतात आणि आम्ल वाहू लागते.

औषधशास्त्राने आधी या निरोपांपैकी एक अडवला. जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टॅमिनचा जठरातला ग्राहक (रिसेप्टर) ओळखला. तो बंद करणारे सिमेटिडीन 1976मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले आणि 1981मध्ये रॅनिटिडीन आले. ब्लॅक यांना 1988 साली नोबेल मिळाले. पण एक निरोप अडवला तरी बाकीचे दोन पोचतच असतात, त्यामुळे आम्ल कमी होते, थांबत नाही. मग संशोधकांचे लक्ष थेट पंपाकडे वळले. स्वीडनमधल्या हेस्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत 1979 साली ओमेप्राझोल तयार झाले आणि 1988मध्ये ते विक्रीला आले. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, एसोमेप्राझोल ही त्याचीच भावंडे.

या औषधाची रीत विलक्षण आहे. गोळीवर आम्लात न विरघळणारे आवरण असते, म्हणून ती जठरातून तशीच पुढे जाते आणि लहान आतड्यात विरघळते. (गोळी चुरडून किंवा चावून घेणारे लोक हे आवरणच मोडतात, आणि मग औषध कामाला येण्याआधीच जठरात नष्ट होते.) तिथून ते रक्तात जाते आणि रक्तावाटे पुन्हा जठराच्या भिंतीत परत येते. साऱ्या शरीरात इतकी तीव्र आम्लता फक्त पराएटल पेशीच्या नलिकांमध्येच असते. तिथे हे औषध हजार पटीने साठते, आम्लामुळेच त्याचे रूप बदलते आणि बदललेले रूप पंपावरच्या एका गंधकयुक्त जागेला जाऊन चिकटते. किल्ली कुलपात मोडून बसावी तसा तो पंप बंद होतो. रक्तातले औषध दोन-तीन तासांत बरेचसे निघून जाते, पण बंद झालेला पंप पुन्हा उघडत नाही. पेशीने नवे पंप घडवायचे, तेव्हाच आम्ल पूर्ववत व्हायचे. त्याला दोन-तीन दिवस तरी लागतात.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला, तर आपल्याकडच्या सवयी किती उलट्या आहेत ते दिसते. हे औषध फक्त चालू असलेल्या पंपांनाच पकडते, झोपलेल्यांना नाही. म्हणून ते जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायचे असते. गोळी रक्तात असेल त्याच वेळी जेवणाने पंप जागे व्हायला हवेत. लग्नाच्या पंगतीतून उठल्यावर पोट जळते म्हणून घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. पहिल्या दिवशी सगळे पंप सापडतही नाहीत. पुरता परिणाम दिसायला तीन-चार दिवस रोज घ्यावी लागते. तेव्हा तात्पुरत्या जळजळीसाठी हे औषधच मुळी नव्हे. त्यासाठी साधे अँटासिड पुरते. आपण मात्र तात्पुरत्या त्रासाला ही गोळी घेतो आणि तिचा गुण येत नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ घेऊ लागतो.

आता मुख्य धोक्याकडे येऊ. जठरातले आम्ल कमी झाले की शरीर ते मुकाट सोसत नाही. आम्ल कमी आहे, असे पाहून गॅस्ट्रिन वाढत जाते. आठवडेच्या आठवडे वाढलेले गॅस्ट्रिन हिस्टॅमिन सोडणाऱ्या पेशींना वाढवते. पंप बंद आहेत तोवर याची काही कल्पना येत नाही. पण गोळी थांबली, नवे पंप तयार झाले, की वाढलेल्या सैन्याचा हुकूम त्यांना मिळतो आणि आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त सुटते. डेन्मार्कमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 120 निरोगी माणसे घेतली होती. त्यांना कधी ॲसिडिटीचा आजार नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्राझोल आणि मग चार आठवडे नुसती औषधहीन गोळी दिली, बाकीच्यांना बाराही आठवडे औषधहीन गोळी. औषध बंद झाल्यानंतरच्या आठवड्यांत पहिल्या गटातल्या 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर यांसारखी लक्षणे झाली. दुसऱ्या गटात हे प्रमाण 15 टक्के होते.

निरोगी माणसाला दोन महिने गोळी दिली, तर तिनेच त्याला रोगी करून ठेवले, असा याचा अर्थ होतो. मला वाटते, या सगळ्या प्रकरणात वाचकाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. कारण घराघरात नेमके हेच घडते. कुणीतरी सहा महिन्यांनी गोळी बंद करतो, तिसऱ्या दिवशी छातीत जळू लागते, आणि तो म्हणतो, 'बघा, मला हिच्याशिवाय चालतच नाही.' हा त्रास मूळ आजार परत आल्याची खूण नसून बऱ्याचदा गोळी सोडल्याचा परिणाम असतो, आणि तो काही आठवड्यांत ओसरतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. मग गोळी पुन्हा सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालते.

वर्षानुवर्षे चालली तर काय बिघडते, असा प्रश्न रास्त आहे, आणि इथे घाबरवणाऱ्या मथळ्यांपासून सावध राहायला हवे. मूत्रपिंड, हाडे, स्मृतिभ्रंश अशा अनेक गोष्टींशी या औषधांचा संबंध जोडणारे अभ्यास येत राहतात. त्यांतले बरेच नुसत्या नोंदींवर आधारलेले असतात. आधीच आजारी असलेली माणसेच ही औषधे जास्त घेतात, त्यामुळे दोष कुणाचा हे कळत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 17,598 लोकांना पँटोप्राझोल किंवा औषधहीन गोळी देऊन सरासरी तीन वर्षे पाहिले गेले. त्यात स्पष्टपणे वाढलेली एकच गोष्ट दिसली : आतड्याचे संसर्ग, 1 टक्क्याऐवजी 1.4 टक्के. हे चित्र दिलासा देणारे आहे. पण ती चाचणी तीन वर्षांची होती, आपल्याकडे गोळी दहा-दहा वर्षे चालते. शिवाय मूत्रपिंडाला अचानक सूज येण्याचा दुष्परिणाम विरळ असला तरी खरा आहे. 2020मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचा उल्लेख या औषधांच्या माहितीपत्रकात करायला सांगितले, ते उगाच नाही. रक्तातले मॅग्नेशियम घटल्याबद्दलचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 सालीच दिला होता.

आपल्या भागात मला जास्त काळजी ब-12 जीवनसत्त्वाची वाटते. अन्नातले ब-12 प्रथिनांना चिकटलेले असते आणि ते सोडवायला जठरातले आम्ल लागते. आम्ल वर्षानुवर्षे बंद ठेवले की ब-12 नीट सुटत नाही. ज्याच्या ताटात दूध, अंडी, मासे, मटण भरपूर आहे त्याच्याकडे साठा असतो. आपल्या कितीतरी घरांत तो साठाच नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी 67 टक्क्यांच्या रक्तात ब-12 कमी होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटते. आता एक माणूस डोळ्यांपुढे आणा : शाकाहारी, साठीचा, मेटफॉर्मिन घेणारा, आणि आठ वर्षे रोज पँटोप्राझोल. पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होते. तो म्हणतो, वय झाले. घरचेही तेच म्हणतात. एका रक्ततपासणीत उत्तर मिळाले असते.

संसर्गाचे तसेच. जठरातले आम्ल हे जंतूंविरुद्धचे पहिले नाके आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ येते, हगवण आणि टायफॉइडचे रोगी वाढतात, तेव्हा ते नाके विनाकारण उघडे ठेवणे शहाणपणाचे नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे आणि तिची चर्चा मी कुठे ऐकलेली नाही. इथला रोगी एका गावात उपचार घेत नाही. गुडघ्यासाठी तो कोल्हापूरला जातो, हृदयासाठी बेळगावला, दातासाठी निपाणीत, आणि कधी मुलीच्या घरी गेला की पुण्यात तपासून येतो. प्रत्येक ठिकाणी औषधांच्या यादीत शेवटी एक 'गॅसची गोळी' लिहिली जाते, बाकीच्या गोळ्या पोटाला बाधू नयेत म्हणून. एका चिठ्ठीवर पँटोप्राझोल, दुसऱ्यावर रॅबेप्राझोल. नावे वेगळी, पंप तोच. दोन्ही एकत्र घेणारे लोक मी पाहिले आहेत. दवाखान्यात भरती असताना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून सुरू केलेले औषध डिस्चार्ज कार्डावर 'चालू ठेवावे' असे उतरते. कार्ड इंग्रजीत, समजावणाऱ्या सिस्टर कन्नडमधून बोलतात, घरचे मराठीतून ऐकतात, आणि 'किती दिवस' हे या प्रवासात कुठेतरी गळून पडते. सकाळच्या रकान्यातला 1 मात्र पक्का राहतो.

या औषधांच्या नावाला 'डी' जोडलेल्या कॅप्सूलचे तर वेगळेच. त्या 'डी'चा अर्थ डोमपेरिडोन, उलटी-मळमळीचे औषध. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवण्याचा धोका असल्याने युरोपच्या औषध संस्थेने 2014 साली त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणि थोड्या दिवसांपुरता मर्यादित केला. ते आपल्याकडे साध्या जळजळीवर महिनोन्महिने घेतले जाते. हृदयाची इतर औषधे घेणाऱ्या वयस्कर माणसाने तरी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

निपाणीच्या पट्ट्यात गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. विडी वळणाऱ्या बाया दिवसभर एकाच बैठकीत असतात. कंबर, मान, बोटे दुखतात आणि दुखण्यावरची गोळी सहज मिळते. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स कमी करतात. त्या गोळ्या खरोखर गरजेच्या असतील आणि वय जास्त असेल, तर सोबत आम्लरोधक देणे योग्यच आहे. पण वेदनाशामक बंद झाले तरी जोडीदार चालूच राहतो. त्यात मिसरी आली. तंबाखूतले निकोटीन अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करते आणि जठरातले आम्ल वर येते. सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची आणि जळजळीला कॅप्सूल घ्यायची, यात खरे कारण हाताच्या बोटावर राहते आणि उपचार भलत्याचाच होतो. या बायांना गोळीपेक्षा मिसरी सोडवायला मदत करणारे माणूस हवे आहे.

तिखटाबद्दलही एक गैरसमज आहे. संकेश्वरी मिरचीच्या झणझणीत रश्श्यानंतर होणारी आग मिरचीतल्या कॅप्सायसिनमुळे होते. उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या ग्राहकाला ते उत्तेजित करते. तो ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021चे नोबेल मिळाले. पंप बंद करून ती आग थांबत नाही. रस्सा खायचा म्हणून आधीच गोळी घेऊन बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी तिखट कमी करावे, दुसरा मार्ग नाही.

आणि जठरव्रणाचे मूळ तर अनेकदा एका जंतूत असते. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ओळखला. त्यांना 2005चे नोबेल मिळाले. प्रतिजैविकांसह दहा-चौदा दिवसांचा उपचार केला की व्रण सहसा कायमचा जातो. पण आम्लरोधक चालू असताना श्वासाची वा शौचाची तपासणी केली, तर जंतू असूनही नाही म्हणून निकाल येऊ शकतो. तपासणीआधी गोळी दोन आठवडे बंद ठेवावी लागते. रोज गोळी खाणारा माणूस जंतूही घेऊन फिरतो आणि 'रिपोर्ट नॉर्मल' ही खात्रीही.

लक्षण दबते आणि कारण राहते, याची सगळ्यात जीवघेणी उदाहरणे दोन. छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे होते, घाम सुटतो, डावा हात किंवा जबडा दुखतो, आणि घरात म्हणतात, 'गॅस झाला असेल.' गोळी देऊन तासभर वाट पाहिली जाते. तो तास हृदयाच्या स्नायूचा असतो. दुसरे उदाहरण जठराच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचे. सुरुवातीची जळजळ गोळीने शमते, रोगी वर्षभर थांबतो आणि तपासायला येतो तेव्हा घास गिळणे अवघड झालेले असते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली 'ॲसिडिटी', घटणारे वजन, अडकणारा घास, कारणाशिवाय कमी होणारे हिमोग्लोबिन, यांतले काहीही असेल तर गोळीच्या आधी एंडोस्कोपीबद्दल बोलले पाहिजे.

आता व्होनोप्राझान नावाचे नव्या जातीचे औषध भारतात मिळू लागले आहे. जपानमध्ये ते दशकभर वापरात आहे. ते पंपाला चिकटून बसत नाही, त्याची पोटॅशियमची जागा अडवते. त्याला जेवणाची वाट पाहावी लागत नाही आणि पहिल्याच दिवशी आम्ल जोरात उतरते. गंभीर रोग्यांसाठी ते मोलाचे आहे. पण अधिक जोरकस म्हणूनच त्याने गॅस्ट्रिनही अधिक वाढते. पँटोप्राझोलच्या बाबतीत झालेली बेफिकिरी त्याच्या वाट्याला येऊ द्यायची का, हे आताच ठरवायला हवे.

कुणी हा लेख वाचून उद्या गोळी फेकून देऊ नये. हृदयात स्टेंट घातल्यामुळे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेणारे, आधी जठरातून रक्तस्राव झालेले, अन्ननलिकेला तीव्र सूज किंवा तिथल्या अस्तरात बदल झालेले, अशांना ही गोळी खरोखर लागते. ती बंद केली तर जीवावर बेतू शकते. त्यांनीही एवढे विचारावे, की माझ्या यादीत ओमेप्राझोल आहे का? कारण ते क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटवते. पँटोप्राझोलने तसे फारसे होत नाही. बाकीच्यांनी, म्हणजे जे 'पहिल्यापासून चालू आहे' एवढेच कारण सांगू शकतात त्यांनी, सगळ्या गावांच्या सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्याव्यात आणि सरळ विचारावे : ही कशासाठी आणि किती दिवस? बंद करायची ठरली तर हळूहळू कमी करावी किंवा एकदम थांबवावी, दोन्ही रीती मान्य आहेत. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 साली हेच सांगितले. मधल्या दोन-चार आठवड्यांत जळजळ होईल, तेव्हा अँटासिडने वेळ निभवावी. रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास उरकावे, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी, पोटाचा घेर कमी करावा. दोन वर्षांहून अधिक काळ गोळी चालली असेल तर ब-12 तपासून घ्यावे.

टिळकवाडीतल्या आणि निपाणीतल्या औषध विक्रेत्यांनाही माझी विनंती आहे. चिठ्ठी नसताना दुसरी पट्टी मागायला तोच माणूस आला, तर त्याला फक्त विचारा, किती दिवस झाले? आणि वाचकहो, शौच डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर त्या दिवशी औषध दुकानात जाऊ नका, थेट हॉस्पिटलात जा.